समुद्रातल्या पाइपलाइनच्या कामावर पर्यावरण-निरीक्षण: बडोद्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सयाजीराव विद्यापीठातून रसायन, प्राणिशास्त्र, भूशास्त्र नाहीतर पर्यावरण शिकून बाहेर पडलेली आपली बरीच मुलंमुली मकरपुरा-गोरव्याच्या प्रयोगशाळांत आणि सल्लागार कंपन्यांत लागतात. सुरुवातीला चिमणीचा धूर आणि कारखान्याचं सांडपाणी मोजतात. मग एक दिवस साहेब सांगतात, "पुढच्या आठवड्यात ऑफशोरला जायचंय, बॅग भरा." हा लेख त्या आठवड्यासाठी आहे.

आपल्या शहराला समुद्र नाही, पण समुद्रातल्या पाइपलाइनशी संबंध जुना आहे. कोयलीच्या रिफायनरीत येणारं बरंचसं आयात तेल कच्छच्या आखातात वाडीनारला टँकरमधून उतरतं, समुद्रतळावरच्या नळातून किनाऱ्यावर येतं आणि पुढे जमिनीखालून इथवर पोचतं. दक्षिणेला दहेज आणि हजिरा ही बंदरं. त्यामुळे नवी लाइन पडते तेव्हा पाण्याचे आणि गाळाचे नमुने तपासायला बडोद्याची माणसं जाणारच.

तुमचं काम काय, ते आधी पक्कं करा. समुद्राने आपणहून केलेला बदल आणि बांधकामाने केलेला बदल, हे दोन वेगळे करून दाखवायचे. बाकी बाटल्या, मीटर, फॉर्म ही सगळी त्याची साधनं. हे ध्यानात नसेल तर शेकडो आकडे जमतात आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आधी परवानगीचं पत्र वाचा

बोटीवर चढण्याआधी प्रकल्पाचं पर्यावरण मंजुरीचं आणि सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) मंजुरीचं पत्र मागून घ्या आणि शेवटच्या अटीपर्यंत वाचा. २००६ ची ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचना आणि सीआरझेडच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचना, यांपैकी तुमच्या पत्रात कशाचा उल्लेख आहे ते बघा. ओहोटीच्या रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी सीआरझेड-४ मध्ये येतं. कांदळवन, प्रवाळ, कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा सीआरझेड-१ए मध्ये येतात. १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा असतो. पाइप किनाऱ्यावर चढतो ती जागा बहुतेकदा याच भानगडीची असते.

पत्रातली प्रत्येक अट एका तक्त्यात उतरवा: काय मोजायचं, कुठे, किती वेळा, कोणाला कळवायचं. "नियमित निरीक्षण करावे" असं मोघम लिहिलेलं असेल तर किती वेळा ते कंपनीकडून लेखी ठरवून घ्या. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल लिहिताना हाच तक्ता उपयोगी पडतो.

भरती-ओहोटी शिका

ऑफशोरला जाण्याआधी एक रविवार काढून जंबुसरजवळ कावी-कंबोईला जा. स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ तुम्ही लहानपणी पाहिलं असेल, तेव्हा दर्शन घेऊन परत आला असाल. आता ओहोटीला पोचा आणि भरती पूर्ण चढेपर्यंत बसा. देऊळ पाण्याखाली जाताना पाणी किती वेगाने आत येतं, त्याचा रंग कसा बदलतो, फेसाची रेघ कुठून कुठे सरकते ते बघा. समोरच्या काठावर भावनगरला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी रोज दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, आणि तळाचा गाळ उचलून नेतं.

कोकणातून आलेल्या आपल्या आजी-आजोबांकडे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशेब असतो. मुंबईच्या किनाऱ्याला तो बऱ्यापैकी जुळतो. खंभातच्या आखातात मात्र भरतीला आत शिरायला आणखी काही तास लागतात, म्हणून इथे तो लावू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते घ्या आणि तुमच्या जागेच्या सर्वांत जवळच्या बंदराचा तक्ता वापरा.

उपयोग काय? समजा, सकाळी नऊला घेतलेल्या नमुन्यात गढूळपणा दुपारी दोनच्या नमुन्याच्या तिप्पट निघाला. मधल्या वेळात ड्रेजर (समुद्रतळ खणणारं यंत्र) चालू होता की नव्हता, हे नंतर विचारा. आधी बघा की नऊ वाजता ओहोटी जोरात होती का आणि दोनला पाणी थांबलेलं होतं का. वेळ आणि भरतीची स्थिती न लिहिलेला गढूळपणाचा आकडा मी अहवालात धरतच नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यातच: वेळ, भरती की ओहोटी, उधाण (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), आणि खोली.

बेसलाइन आणि नमुन्याच्या जागा

काम सुरू होण्याआधीची स्थिती म्हणजे बेसलाइन. ती एका दिवसात होत नाही. किमान पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा हवी, कारण नर्मदा, मही, तापी, साबरमती पावसात गाळ आणि गोडं पाणी घेऊन येतात आणि आखाताचा चेहरा बदलतो. प्रत्येक ऋतूत उधाण आणि भांग दोन्ही, आणि प्रत्येकात भरती व ओहोटी दोन्ही. ठेकेदाराला घाई असते, तो म्हणेल एकच फेरी पुरे. तिथे नमतं घेऊ नका. बेसलाइन अपुरी राहिली तर पुढची दोन वर्षं तुम्ही कशाशी तुलना करणार?

जागा ठरवताना सगळ्यांत मोठी अडचण नियंत्रण-केंद्राची असते, म्हणजे जिथे कामाचा परिणाम पोचणार नाही अशी तुलनेची जागा. कागदावर लोक पाइपलाइनपासून पाच किलोमीटरवर एक टिंब देतात आणि मोकळे होतात. जरा हिशेब करा. प्रवाहाचा सरासरी वेग सेकंदाला १ मीटर धरला, तरी सहा तासांत पाण्याचा थेंब २१ किलोमीटर जातो. खंभातच्या आखातात उधाणाला वेग याहून बराच वर जातो. म्हणजे प्रवाहाच्या दिशेने पाच किलोमीटरवरचं टिंब कामाच्या गाळाच्या वाटेतच येतं. नियंत्रण-केंद्र प्रवाहाला आडवं, बाजूला घ्या, आणि तिथली खोली व तळाचा गाळ कामाच्या जागेसारखाच असू द्या. वाळूच्या तळाची तुलना चिखलाच्या तळाशी करून काही हाती लागत नाही. असं एकच केंद्र न घेता दोन-तीन घ्या. मार्गावरची केंद्रं मात्र प्रवाहाच्या रेषेतच हवीत: कामाच्या अगदी जवळ, मग अर्धा किलोमीटर, एक, दोन, आणि दोन्ही दिशांना.

जवळपास आणखी कोण काय सोडतं तेही नकाशावर मांडा. सारोदजवळ महीच्या मुखाशी बडोद्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटरच्या वाहिनीतून येऊन मिळतं. त्या भागात काम असेल तर बेसलाइनमध्येच या पाण्याची छाप दिसेल, आणि ती आधी नोंदवली नसेल तर नंतर पाइपलाइनच्या नावावर चढेल.

कच्छच्या आखातात गेलात तर मापदंडच वेगळे. १९८२ साली जाहीर झालेलं देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान तिथे आहे. प्रवाळ आहे, डुगाँग (समुद्रगाय) आहे, समुद्री गवत आहे. खंभातच्या चिखलात जो गढूळपणा रोजचा, तेवढाच प्रवाळावर काही दिवस राहिला तर प्रवाळ गुदमरतो. म्हणून सगळीकडे चालेल असा गढूळपणाचा एकच आकडा शोधू नका. माझी पद्धत अशी: त्या जागेच्या, त्याच भरतीच्या स्थितीतल्या बेसलाइनच्या नोंदी उतरत्या क्रमाने मांडायच्या आणि शंभरातल्या पंच्याण्णव नोंदींपेक्षा जास्त असलेली नवी नोंद दिसली की इशारा द्यायचा.

बोटीवर: पाण्याचे नमुने

आधी अंगाची तयारी. पाण्यात जगण्याचं मूलभूत प्रशिक्षण आणि हेलिकॉप्टरने जायचं असेल तर पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण लागतं. वैद्यकीय तपासणी लागते. यातलं काहीही 'नंतर करू' म्हणून पुढे ढकलू नका. लाइफ जॅकेट डेकवर असेपर्यंत अंगावरच. बोट लागत असेल तर आदल्या रात्री हलकं जेवा आणि गोळी निघण्याआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नसतो.

प्रत्येक मोजणीची बाटली वेगळी. जड धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लास्टिकची, आणि पाणी भरल्यावर नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. पेट्रोलियम हायड्रोकार्बनसाठी काचेची, हेक्झेनने विसळलेली. ही बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटतं आणि आकडा फुगतो. बोटीच्या एक्झॉस्टच्या बाजूने तेलाचा नमुना कधीच घेऊ नका. क्लोरोफिलचं पाणी अंधारात गाळायचं. पोषकद्रव्यांचं गाळून गोठवायचं.

विरघळलेल्या ऑक्सिजनवर जरा थांबतो, कारण नवे लोक इथेच घाई करतात. निस्किन बाटली (हव्या त्या खोलीवर बंद करून पाणी वर आणणारी) वर आली की सगळ्यांत आधी ऑक्सिजनची बाटली भरायची. रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवा, पाणी सावकाश सोडा, बाटलीच्या दोन-तीनपट पाणी वरून वाहून जाऊ द्या. नळी हळू बाहेर काढा. आत एकही बुडबुडा नको. असेल तर ओता आणि पुन्हा भरा. मग विंकलर ए आणि विंकलर बी ही ऑक्सिजन धरून ठेवणारी दोन द्रावणं प्रत्येकी एक मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. झाकण लावून बाटली पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका दिसला म्हणजे ऑक्सिजन धरला गेला. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही, तेव्हा लगेच दुसरा नमुना घ्या. बाटली अंधाऱ्या पेटीत ठेवा. आम्ल घालून टायट्रेशन नंतर.

मीटर वापरत असाल तर त्यात क्षारतेची दुरुस्ती भरलेली आहे ना ते बघा. २८ अंश तापमान आणि ३५ क्षारता असताना समुद्राच्या पाण्यात लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. मीटर पावणेआठ दाखवत असेल तर तो बहुधा गोड्या पाण्याच्या हिशेबाने बोलतोय. किनारी पाण्याच्या मानकांत एसडब्ल्यू-१ वर्गाला किमान ५ आणि एसडब्ल्यू-२ ला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. दुरुस्ती राहून गेली तर नापास पाणी पास होऊन जातं.

तरंगत्या गाळाच्या मोजणीतही असाच एक सापळा. गाळणीतून पाणी गेल्यावर ती डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुवायची, कडांसकट. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं. गाळणीत अर्धा मिलिलिटर पाणी राहून वाळलं तर १७ मिलिग्रॅम मीठ मागे राहतं. तुम्ही पाव लिटर पाणी गाळलं असेल, तर उत्तरात लिटरला ७० मिलिग्रॅम गाळ खोटाच वाढतो. सीओडी ही सांडपाण्याची चाचणी समुद्राच्या पाण्यावर सवयीने लावू नका. क्लोराइड तिचं उत्तर बिघडवतं.

बर्फाच्या पेटीची वाहतूकही आधीच ठरवा. दहेजहून बडोदा दोन-तीन तासांत गाठता येतं, पण वाडीनारहून अख्खी रात्र जाते. बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) आणि जिवाणूंच्या चाचण्या २४ तासांच्या आत सुरू व्हायलाच हव्यात. लांबच्या कामाला किनाऱ्यावर खोली भाड्याने घेऊन तात्पुरती प्रयोगशाळा मांडणं, हाच खरा उपाय.

तळाचा गाळ आणि त्यातले जीव

पाणी वाहून जातं, तळ तिथेच राहतो. बांधकामाचा खरा परिणाम बघायचा तर तळात बघा. त्यासाठी व्हॅन वीन ग्रॅब, म्हणजे जबड्यांनी गाळ उचलणारं उपकरण, वापरतात, साधारण ०.१ चौरस मीटरचा. वर आल्यावर आधी त्याचे जबडे पूर्ण मिटलेत का ते तपासा. मध्ये शिंपला अडकला असेल तर बारीक गाळ येतानाच धुऊन गेलेला असतो; तो नमुना टाकून द्या. वरचं झाकण उघडून गाळाचा पृष्ठभाग सपाट, न विसकटलेला आहे ना ते बघा. रंग, वास आणि किती खोलीवर काळा थर लागतो ते तिथल्या तिथे लिहा. प्रत्येक केंद्रावर किमान तीन ग्रॅब.

मग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत गाळ घ्या आणि समुद्राच्याच पाण्याने सावकाश धुवा. जोरात पाइप मारला तर पॉलिकीट किडे तुटतात, आणि डोकं नसलेला किडा ओळखता येत नाही. चिखल निघून गेला की चाळणीत उरतात नळ्या, शिंपल्यांचे तुकडे, बोटभर नेमेर्टियन किडे, तांदळाच्या दाण्याएवढे कोळंबीसारखे अँफिपॉड, एखादा छोटा खेकडा. यांची संख्या आणि जाती यावरूनच दोन वर्षांनी सांगता येतं की खंदकाच्या जागी तळ पुन्हा भरून आला की नाही. बोरॅक्स घातलेलं १० टक्के फॉर्मेलिन आणि 'रोज बेंगॉल' नावाचा गुलाबी रंग घालून बाटली बंद करा. फॉर्मेलिन हाताळताना हातमोजे आणि चष्मा, आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा. चिठ्ठी पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर लिहून बाटलीच्या आत टाका. शाई पुसली जाते आणि बाहेरचं लेबल बर्फात सुटतं.

काम चालू असताना

खंदक खणताना आणि नंतर बुजवताना सर्वाधिक गाळ उठतो. त्या दिवसांत गढूळपणाचा मीटर पाण्यात सतत ठेवा आणि त्याच्या नोंदी ड्रेजरच्या लॉगशी मिनिटाला मिनिट जुळवा. इशाऱ्याची पातळी ओलांडली तर कोणाला फोन करायचा आणि काम कोण थांबवणार, हे काम सुरू व्हायच्या आधीच लेखी ठरलेलं असावं. पाण्यावर उभं राहून ते ठरवता येत नाही.

किनाऱ्याजवळ पाइप बऱ्याचदा जमिनीखालून आडवं भोक पाडून नेतात. त्यात बेंटोनाइट मातीचा चिखल दाबाने सोडतात, आणि मऊ जमिनीत तो कुठूनही वर फुटू शकतो. ड्रिलिंगवाल्याकडून परत येणाऱ्या चिखलाचं माप तासातासाला मागा. ते कमी झालं की समजा, कुठेतरी गळतंय. ओहोटीला चेरांमध्ये (कांदळवनात) पायी फिरा. करड्या रंगाची गुळगुळीत साय दिसते का बघा, निवट्यांची बिळं बुजलीत का बघा. ड्रोनचे फोटो घ्याच, पण चिखलात चालल्याशिवाय हे कळत नाही.

बार्जवर कचरा, सांडपाणी आणि बिल्जच्या (जहाजाच्या तळाशी साचणाऱ्या) पाण्याच्या नोंदवह्या असतात. त्या वाचायचा हक्क मागून घ्या. जहाजातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यात तेल १५ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. पायलिंग (तळात खांब ठोकणं) असेल तर सुरुवातीआधी अर्धा तास ५०० मीटरच्या वर्तुळात डॉल्फिन किंवा कासव नाही ना हे बघणारा माणूस लागतो. ही पद्धत ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांमधून आली आहे आणि इथेही चांगली चालते. ठोके हळू सुरू करून वाढवायचे, म्हणजे जवळ असलेल्या प्राण्याला निघून जायला वेळ मिळतो. तेल सांडलेलं दिसलं तर जहाजाच्या कॅप्टनला आणि तटरक्षक दलाला लगेच कळवायचं, त्यांचा क्रमांक १५५४.

हायड्रोटेस्ट

या टप्प्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं आणि मला वाटतं, सगळ्यांत जास्त द्यायला हवं. पाइप टाकून झाला की तो पाण्याने भरून दाब देऊन तपासतात. आतला व्यास ०.६ मीटर असेल तर किलोमीटरला सुमारे २८० घनमीटर पाणी लागतं. २० किलोमीटरच्या लाइनला साडेपाच हजार घनमीटरच्या वर. त्या पाण्यात गंज टाळायला ऑक्सिजन खाणारं रसायन, जंतुनाशक आणि गळती शोधायला रंग घालतात. चाचणी संपली की हे सगळं एका तोंडातून समुद्रात सोडतात.

तुम्ही चार गोष्टी मागा: प्रत्येक रसायनाचं नाव आणि प्रमाण, पाणी पाइपमध्ये किती दिवस राहणार, कुठे सोडणार, आणि किती वेगाने. थोडेच दिवस राहणार असेल तर जंतुनाशक कमी चालू शकतं, हे रचना करणाऱ्यांना विचारायला लाजू नका. पाणी जोराच्या ओहोटीला आणि सावकाश सोडायला लावा, पाणी थांबलेलं असताना नाही. सोडताना सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा नमुना घ्या. तिन्हींत फरक असतो. तोंडाजवळ ऑक्सिजन दर थोड्या मिनिटांनी मोजत राहा. नर्मदेच्या मुखाजवळ काम असेल तर पावसाळ्याचे महिने टाळा. हिलसा मासळी त्याच वेळी अंडी घालायला नदीत चढते आणि भाडभूतच्या मच्छीमारांचं वर्षाचं पोट त्या हंगामावर असतं.

तांडेलांशी (मच्छीमार बोटींच्या नाखव्यांशी) आधीच ओळख करून घ्या. त्यांच्याशी गुजरातीतच बोला, ती आपल्याला येतेच. जाळी कुठे लावतात, कुठल्या महिन्यात काय मिळतं, हे ते कुठल्याही नकाशापेक्षा बरोबर सांगतात. त्यांची प्रत्येक तक्रार तारखेसह वहीत लिहा, किरकोळ वाटली तरी.

अहवाल, आणि काम संपल्यावर

अनुपालन अहवाल वर्षातून दोनदा जातात, १ जून आणि १ डिसेंबरला. आलेखात गढूळपणा आणि भरतीची पातळी एकाच पानावर, एकाखाली एक काढा. ड्रेजर चालू असलेले तास पार्श्वभूमीला रंगवून दाखवा. एवढ्या एका चित्राने दहा पानांच्या तक्त्यांचं काम होतं. इशारा ओलांडलेला दिवस लपवू नका. त्या दिवशी काय केलं ते लिहा. प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली हवी, आणि त्या मान्यतेच्या यादीत समुद्राचं पाणी आहे का हे वेगळं तपासा. कित्येकदा फक्त पिण्याचं पाणी आणि सांडपाणी असतं.

पाइपलाइन सुरू झाल्यावर त्याच जागी, त्याच ऋतूत, त्याच भरतीच्या स्थितीत पुन्हा नमुने घ्यायचे असतात. निदान दोन वर्षं, अट जास्तीची असेल तर तितकी. तोवर तुमची बदली झालेली असेल, नोकरीही बदललेली असेल. म्हणून केंद्रांचे अक्षांश-रेखांश, ग्रॅबचं माप, चाळणीचं छिद्र आणि मीटरचा क्रमांक अशा शब्दांत लिहून ठेवा की पुढच्या माणसाला तुम्हाला फोन करावा लागू नये. बेसलाइनच्या बेंथोसच्या (तळातल्या जीवांच्या) बाटल्या जागा अडते म्हणून फेकायला लागले तर फेकू देऊ नका. ओळखून झालेले जीव ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा, यादीची एक प्रत बाटल्यांच्या खोक्यात ठेवा आणि खोकं कुठल्या कपाटात आहे ते अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहा.